स्किप इंट्रो दाबण्याआधी: सिनेमाच्या पाट्या, आपली अक्षरं आणि नगर

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

  

आजचा विषय तुमच्या अंगठ्याखालचा आहे, अगदी शब्दशः. मोबाईलवर मालिका लावली की कोपऱ्यात एक बटण येतं, ‘स्किप इंट्रो’. नेटफ्लिक्सनं ते 2017 मध्ये आणलं, मग बाकीच्यांनीही आणलं. आपण काय करतो? दाबतो. त्या दीड मिनिटात काय होतं हे बघतच नाही. आज त्या दीड मिनिटाबद्दल बोलू. सिनेमाचं नाव पडद्यावर कसं येतं, कुठल्या अक्षरात येतं, कुणाची नावं येतात आणि त्यानं काय फरक पडतो. आणि हे सगळं मी अहिल्यानगर जिल्ह्याकडे बघत सांगणार आहे, म्हणजे आपल्या तोंडातलं ‘नगर’. कारण या विषयातली दोन फार चांगली उदाहरणं इथल्या मातीतली आहेत.

आधी एक गोष्ट मान्य करू. खेळ सुरू होण्याआधी काहीतरी करायचं, ही कल्पना आपल्याला सिनेमानं शिकवलेली नाही. संगीत नाटकाला नांदी होती. कीर्तनाला पूर्वरंग. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, आणि नंतर वग. गण चालू असतो तेव्हा मागची माणसं अजून जागा शोधत असतात, कुणी तंबाखू मळत असतं, पोरं रडत असतात. पण ढोलकी वाजली की अंगात काहीतरी बदलतं. घरचं मन बाहेर राहतं आणि खेळाचं मन आत येतं. टायटल्सचं मुख्य काम हेच. माहिती देणं हे दुसरं काम.

आता सिनेमाकडे. आपल्याकडचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट ‘राजा हरिश्चंद्र’, 3 मे 1913, गिरगावातलं कोरोनेशन थिएटर. दादासाहेब फाळके. ही तारीख सगळ्यांना पाठ असते. पण फाळके सिनेमाआधी काय करत होते? छपाई! लोणावळ्याला त्यांचा छापखान्याचा उद्योग होता, चित्रांचे ब्लॉक बनवायचं काम होतं, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं. म्हणजे शाई, कागद, अक्षर, चौकट हे सगळं त्या माणसाच्या हातात आधीपासून होतं. मूकपटात आवाज नाही, त्यामुळे गोष्ट पुढे न्यायला मध्ये मध्ये पाट्या लागतात. फाळक्यांच्या त्या पाट्या एकाहून जास्त भाषांत असायच्या. आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं काय? मूकपटाच्या काळात थिएटरात पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारी माणसं असायची. म्हणजे बघा, आपल्या सिनेमात अक्षर पहिल्या दिवसापासून आहे, आणि ‘हे अक्षर कुणाला वाचता येणार’ हा प्रश्नही पहिल्या दिवसापासून आहे. तो लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

मग आले चित्रकार. बाबूराव पेंटर, नावातच पेंटर. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. 1929 मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, 1933 मध्ये ती पुण्याला आली, आणि आज त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभातचं बोधचिन्ह तुम्ही यूट्यूबवर कधीतरी पाहिलं असेल. तुतारी फुंकणारी स्त्री. सूर येतो, आणि मग नाव. आज कुठल्याही मोठ्या स्टुडिओचा लोगो बघून आपल्याला जे वाटतं ना, ‘हां, आता काहीतरी मोठं’, ते आपल्या आजोबा-पणजोबांना त्या तुतारीनं वाटायचं.

त्याच प्रभातचा 1940 चा ‘संत ज्ञानेश्वर’. ज्ञानेश्वर झाले होते शाहू मोडक. शाहू मोडकांचा जन्म कुठला? नगरचा, 1918 सालचा. मराठी ख्रिस्ती कुटुंबातला हा मुलगा पडद्यावर कृष्ण झाला, ज्ञानेश्वर झाला, आणि लोकांनी त्याला मनापासून देव मानलं. आणि ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली असं आपण मानतो ते नेवासं याच जिल्ह्यात. नामावलीत ‘शाहू मोडक’ ही दोन अक्षरं आणि तीन अक्षरं येतात, आणि पुढच्याच दृश्यात तोच माणूस ज्ञानेश्वर असतो. नामावलीची ही गंमत आहे. ती आधी सांगून टाकते की हा माणूस दुसराच कुणीतरी आहे, आणि तरी आपण विश्वास ठेवतो.

तेव्हा हे बनवायचे कसं? कॉम्प्युटर नव्हता. काळ्या पुठ्ठ्यावर किंवा काचेवर ब्रशनं नावं रंगवायची, पाटी कॅमेऱ्यासमोर उभी करायची, आणि तिचं चित्रण करायचं. नावं वर सरकायला हवी असतील तर लांब कागदावर लिहून तो रुळावर गुंडाळायचा आणि हळूहळू फिरवायचा. म्हणजे प्रत्येक नाव कुणाच्या तरी हातचं असायचं. वेलांटी कुठे वळवायची हे एका माणसानं ठरवलेलं असायचं.

आता जरा बाहेर जाऊ. 1955 साल. अमेरिकेत सॉल बास नावाच्या डिझायनरनं ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ची टायटल्स केली. सिनेमा अमली पदार्थाच्या व्यसनात अडकलेल्या माणसाचा. बासनं काय दाखवलं? काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या येतात, सरकतात, आणि शेवटी त्यांचाच एक वाकडा, तुटल्यासारखा हात होतो. बस्स. नट नाही, घर नाही, सुई नाही. तोपर्यंत तिकडेही टायटल्स म्हणजे पॉपकॉर्न घ्यायची वेळ. अनेक थिएटरांत ती पडद्यावरच्या पडद्यावर चालायची, म्हणजे मखमली पडदा उघडायच्याही आधी. या सिनेमाच्या डब्यांवर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांसाठी सूचना होती की टायटल्स सुरू होण्याआधी पडदा उघडा. त्या काळचं हे ‘स्किप करू नका’ समजा! पुढे त्यानं हिचकॉकसाठी ‘व्हर्टिगो’ केला, ‘सायको’ केला. ‘सायको’मध्ये अक्षरंच चिरली जातात. खून व्हायच्या कितीतरी आधी अक्षरांवर सुरी फिरलेली असते.

आणि त्याच 1955 साली आपल्याकडे कोलकात्यात ‘पथेर पांचाली’ आला. सत्यजित राय मुळात जाहिरात कंपनीत काम करणारे, पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे. स्वतःच्या सिनेमांची टायटल्स आणि पोस्टर्स ते स्वतः करायचे. इंग्रजीसाठीसुद्धा त्यांनी टाइप बनवले, त्यातला एक ‘रे रोमन’ म्हणून ओळखला जातो. बासची पद्धत आणि रायची पद्धत वेगळी. पण दोघांना एकच गोष्ट कळली होती. अक्षराला चेहरा असतो.

मराठीत हे ज्यांनी घराघरांत पोचवलं ते कमल शेडगे, 1935 ते 2020. टाइम्स समूहात काम केलं, आणि नाटकांची, सिनेमांची, दिवाळी अंकांची शेकडो शीर्षकं त्यांच्या हातून उतरली. वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर नाटकाची दोन-तीन इंचांची जाहिरात. फोटोला जागा नाही, पैसे नाहीत. त्या चौकोनात फक्त नाव. आणि ते नाव बघूनच कळायला हवं की हे ऐतिहासिक आहे, की फार्स आहे, की रडवणारं आहे. त्यांनी अक्षराच्या काना-मात्रेतच अर्थ बसवला. त्यांचं ‘माझी अक्षरगाथा’ हे पुस्तक लायब्ररीत मिळालं तर जरूर चाळा.

आता जरा तांत्रिक बोलू, कारण इथेच आपली पोरं फसतात. ‘आपली पोरं’ म्हणजे तुम्हीच, मोबाईलवर शॉर्टफिल्म आणि रील बनवणारे.

इंग्रजी टायटल्समध्ये आजकाल काय चालतं? सगळी कॅपिटल अक्षरं घ्यायची आणि त्यांच्यात भरपूर अंतर सोडायचं. भारी दिसतं, महाग दिसतं. आपण तेच मराठीवर करायला जातो. आणि काय होतं? शिरोरेषा तुटते! देवनागरीत अक्षरं एका रेषेला लटकलेली असतात. ती रेषा म्हणजे दोरी, अक्षरं म्हणजे वाळत घातलेले कपडे. अंतर वाढवलं की दोरीच कापली गेली. शब्द राहत नाही, सुटी अक्षरं उरतात. शिवाय आपल्याकडे कॅपिटल नाही. मग महत्त्व कसं दाखवायचं? जाडीनं, आकारानं, मोकळ्या जागेनं.

दुसरं. रोमन लिपी बरीचशी एका मजल्यावर राहते. देवनागरी तीन मजली आहे. मधला मजला अक्षराचा. वरचा मजला मात्रेचा, वेलांटीच्या वळणाचा, रफाराचा, अनुस्वाराचा. खालचा उकाराचा. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. पुष्कळ ॲपमध्ये अक्षर चौकटीच्या कडेला ठेवलं की वेलांटीचं डोकंच उडतं. म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नावं.

भाऊराव कऱ्हाडे. ‘ख्वाडा’चे दिग्दर्शक. त्यांचं आडनाव नीट बघा, कऱ्हाडे. यातला ‘र’ अर्धा आहे, पण तो डोक्यावर जाऊन बसत नाही, तो ‘ह’च्या आधी आडवा, पापणीसारखा वळतो. ‘दुसऱ्या’मध्ये तोच, ‘सुऱ्या’मध्ये तोच, ‘वाऱ्या’मध्ये तोच. ही मराठीची खास गरज आहे. हिंदीला ती नसल्यामुळे काही फॉन्टमध्ये आणि काही कीबोर्डवर ती नीट मिळत नाही, मग ‘कर्हाडे’ असं काहीतरी उमटतं, रफार ‘ह’च्या डोक्यावर. वाचून बघा मोठ्यानं. वेगळा उच्चार होतो. वेगळा माणूस होतो. तसंच ‘ॲ’चं. जुन्या फोनवर तिथे नुसता चौकोन येतो. आणि ‘ल’ बघा: मराठी पुस्तकातला ल दोन पाकळ्यांचा असतो, हिंदी वळणाचा ल वेगळा दिसतो. फॉन्ट हिंदी वळणाचा असेल तर सगळं शुद्ध लिहूनही पाटी जरा परकी वाटते, आणि का वाटते ते कळत नाही.

आता नगरकडे येऊ.

नागराज मंजुळे मूळचे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, सोलापूर जिल्हा. पण सिनेमाचं शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात घेतलं. त्या अभ्यासक्रमातच त्यांनी ‘पिस्तुल्या’ ही शॉर्टफिल्म केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘फँड्री’, थिएटरात आला 14 फेब्रुवारी 2014 ला. गाव कुठलं? अकोळनेर. नगरच्या शेजारचं.

आणि नाव बघा. फँड्री. कैकाडी बोलीतला शब्द, अर्थ डुक्कर. पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये बसलेल्या किती जणांना तो आधी माहीत असेल? पोस्टर बघून लोक एकमेकांना विचारत होते, हे इंग्रजी आहे का, कुणाचं नाव आहे का. जी बोली घरात, पालावर, कामावर बोलली जाते, जिच्यातला शब्द छापलेला फारसा दिसत नाही, तिच्यातला एक शब्द, तोही टोमणा म्हणून अंगावर फेकला जाणारा, हातभर मोठ्या अक्षरात पोस्टरवर लागला. तिकीट खिडकीवर लोकांना तो उच्चारावा लागला. ‘दोन फँड्री द्या’. याच्यावर विचार करा जरा.

त्या शब्दाची बांधणीही बघा. वर चंद्रबिंदू, वर दीर्घ वेलांटीचं वळण, खाली ‘ड’ला लटकलेला ‘र’. दोनच अक्षरी शब्द आहे, पण तिन्ही मजले भरून टाकतो. बारीक, नाजूक फॉन्टमध्ये घातला तर खालचा ‘र’ दिसेनासा होतो आणि वरचा चंद्रबिंदू धूळ वाटतो. या शब्दाला जाडी लागते, जागा लागते. सिनेमातल्या जब्याला नेमकं तेच हवं असतं, नाही का? जागा. आणि शेवटी, ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, तो दगड. तो आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. सुरुवातीला जो शब्द आपल्याला नुसता अनोळखी वाटला होता, तो दोन तासांनंतर तोंडात घेताना जड जातो. शब्द तोच, अक्षरंही तीच. आपण बदललेलो असतो.

दुसरं उदाहरण ‘ख्वाडा’, 2015 मध्ये आला. मेंढरं घेऊन भटकणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट. पुस्तकी मराठीत शब्द आहे ‘खोडा’, म्हणजे अडथळा. पण रानात कुणी खोडा म्हणत नाही, ख्वाडा म्हणतात. ‘खोडा’ लिहिलं असतं तर शाळेत मार्क मिळाले असते. दिग्दर्शकानं बोलतात तसं लिहिलं, अर्धा ख आणि त्याला चिकटलेला वा. त्या एका जोडाक्षरानं सिनेमा कुठल्या मुलखातला, कुणाच्या तोंडचा, ते सांगून टाकलं. यासाठी वेगळं डिझाइन लागलं नाही, वेगळा स्पेशल इफेक्ट लागला नाही. बोली जशी आहे तशी लिहायची हिंमत लागली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: टायपोग्राफी म्हणजे भारी फॉन्ट शोधणं, हा अर्धाच भाग. आधी शब्द कुठला आणि तो कुणासारखा लिहायचा, हे ठरतं. फॉन्ट त्याच्या मागून येतो. तुमच्या फिल्मचं नाव ‘द लास्ट जर्नी’ ठेवायचं आणि आत सगळी पात्रं पाथर्डीची भाषा बोलणार, तर पहिल्याच पाटीला तुम्ही प्रेक्षकाला चुकीच्या एसटीत बसवलंत.

आता कामाच्या गोष्टी. पेन घ्या नाहीतर स्क्रीनशॉट काढा.

एक, फुकट आणि चांगले मराठी फॉन्ट आहेत. मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’. ‘मोदक’ तर नावाप्रमाणे गुबगुबीत, विनोदी फिल्मला छान. ‘यात्रा वन’ मुंबई लोकलच्या जुन्या पाट्यांवरून घेतलेला. ‘कलम’ हातानं लिहिल्यासारखा. ‘तिरो देवनागरी मराठी’ पुस्तकी, आणि त्यात मराठी वळणाची अक्षरं मुद्दाम दिलीत. हे सगळे गुगल फॉन्ट्सवर आहेत, युनिकोड आहेत. डीटीपीच्या दुकानातले जुने फॉन्ट घेऊ नका. दुसऱ्या मशिनवर उघडलं की भलतीच अक्षरं येतात.

दोन, पाटी किती वेळ ठेवायची? पाटीवरचं सगळं मोठ्यानं, सावकाश, दोनदा वाचा. तेवढा वेळ. तुम्हाला ती नावं पाठ आहेत, बघणाऱ्याला नाहीत. तुमच्या आजीला वाचता आलं पाहिजे.

तीन, फिल्म व्हॉट्सॲपवर पाठवून घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर, उन्हात उभं राहून बघा. व्हिडिओ दाबला जातो तेव्हा बारीक रेषा आधी मरतात. मात्रा गेली की ‘मेळा’चा ‘मळा’ होतो.

चार, फॉन्टच वापरा असं कुणी सांगितलं? तुमच्या गावात अजून एखादे पेंटर असतील. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या हाताला काम कमी झालंय, पण हात तोच आहे. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, टेम्पोच्या मागची अक्षरं त्यांनी लिहिलीत. त्यांच्याकडून फिल्मचं नाव पुठ्ठ्यावर लिहून घ्या, योग्य ते पैसे द्या, सकाळच्या उजेडात वरून मोबाईलनं शूट करा. प्रभातच्या काळात हेच करत होते. आणि नामावलीत लिहा: ‘अक्षरलेखन’, पुढे त्यांचं नाव.

पाच, आणि यात सूट नाही. ज्याचं नाव आहे त्यालाच ते दाखवून घ्या. ‘तुझं आडनाव असंच लिहितोस ना?’ एवढं विचारा. व्यावसायिक सिनेमात कुणाचं नाव आधी, कुणाचं एकट्याचं, कुणाच्या आधी ‘आणि’, यावरून करार होतात. तुमच्या फिल्ममध्ये करार नाही, पैसेही नसतील. ज्यांनी घर दिलं, बैल दिला, तीन दिवस पिठलं-भाकरी केली, ज्या मावशी एका दृश्यापुरत्या उभ्या राहिल्या, त्यांना तुम्ही दुसरं काय देणार आहात? एक नाव देऊ शकता. ‘गावकरी मंडळींचे आभार’ असं एका ओळीत उरकू नका. नावं लिहा, पूर्ण लिहा, बरोबर लिहा.

मघाशी मी म्हटलं होतं की पाट्या वाचून दाखवणारी माणसं असायची. तुमच्या त्या मावशींना कदाचित वाचता येत नसेल. मग पहिल्या शोला त्यांच्या शेजारी बसा, आणि त्यांचं नाव आलं की बोट दाखवून वाचून दाखवा.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. कुठलाही एक मराठी सिनेमा लावा आणि टायटल्स पूर्ण बघा. शिरोरेषा तुटलीये का, ‘ऱ्या’ नीट आहे का, नाव कुठल्या बोलीतलं आहे, आणि अक्षरं बघून सिनेमाबद्दल काय वाटलं, ते एका व्हॉइस नोटमध्ये पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात वाजवू. तोपर्यंत, अंगठा जरा बाजूला ठेवा. भेटू!